मूळ गाडी कोणती?



मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. वाहन म्हणाल तर माझ्याजवळ एक स्कूटर आहे, आणि तिचा प्लगदेखील मी स्वतः कधी काढलेला नाही. तेव्हा मोटारगाडीवर बोलण्याचा अधिकार याला कोणी दिला, असे आपण विचाराल. उत्तर एवढेच, की २०२३ सालच्या उन्हाळ्यात मी इंग्लंडमध्ये डर्बी येथे माझ्या काकांकडे सहा आठवडे राहिलो, आणि त्यांतले निम्मे दिवस एका जुन्या गाडीखाली हातात विजेरी धरून पडलो होतो. खरे म्हणजे गेलो होतो लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतली मराठी हस्तलिखिते पाहायला. तीही पाहिली. पण मूळ प्रत कोणती, भर कोणती आणि दुरुस्ती कोणती, हा जो आमच्या अभ्यासातला जुना वाद आहे तो मला त्या ग्रंथालयापेक्षा काकांच्या गॅरेजमध्येच अधिक चांगला कळला, असे वाटते.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. वाईचे. १९७३ साली डॉक्टर होऊन विलायतेला गेले ते तिथलेच झाले. १९८१ मध्ये त्यांनी ही गाडी विकत घेतली, तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. दोन माणसांची, कापडी टपाची, गर्द हिरवी, बसकी आणि लांब नाकाची. नाव एम.जी.बी.

एम.जी. म्हणजे मॉरिस गॅरेजेस. विल्यम मॉरिस यांचे ऑक्सफर्डमध्ये गॅरेज होते. तिथले व्यवस्थापक सेसिल किंबर यांनी मॉरिसच्या साध्या गाड्यांवर देखणे, हलके सांगाडे चढवून विकायला सुरुवात केली, आणि त्यातून हे नाव जन्माला आले. पुढे ऑक्सफर्डजवळ ॲबिंग्डन या गावी कारखाना निघाला. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडला डॉलर हवे होते आणि अमेरिकेला गंमत हवी होती, एम.जी.ने दोघांचीही सोय केली. एम.जी.बी. आली १९६२ मध्ये. १९८० च्या ऑक्टोबरात ती बंद झाली आणि तिच्याबरोबर ॲबिंग्डनचा कारखानाही. तोवर पाच लाखांहून अधिक गाड्या तिथून बाहेर पडल्या होत्या. शर्यतीची गाडी म्हटली की आपल्यापुढे राजेमहाराजे उभे राहतात. पण ही गाडी शाळामास्तराने, कारकुनाने, नव्याने नोकरीला लागलेल्या डॉक्टराने घ्यावी अशीच होती.

तिचे मर्मही त्यातच आहे. तिच्यातले बहुतेक सामान साध्या घरगुती गाड्यांतून आलेले. काका सांगत होते, गाडी घरी आणली, बोनेट उघडले, आणि ते हसतच सुटले. "अरे, हे तर आपल्या वाईच्या स्टँडवरच्या टॅक्सीचं इंजिन!" ते चूक म्हणत नव्हते. आपल्या अँबॅसडरमध्ये कित्येक वर्षे जे १४८९ सी.सी.चे पेट्रोल इंजिन होते, ते आणि एम.जी.बी.चे १७९८ सी.सी.चे इंजिन एकाच घराण्यातले. एक भाऊ बिऱ्हाड वाहायला लागला, दुसरा माळ्यावर न बसता मैदानावर गेला, एवढाच फरक. म्हणूनच या गाडीला कोणी भ्यायचे कारण नाही. चार सिलिंडर, दोन कार्बोरेटर, आणि प्रत्येक भाग हाताला लागतो. ज्याच्याजवळ पान्यांचा एक संच आहे आणि रविवार मोकळा आहे, त्याला ती पाळता येते.

पाळणे हाच शब्द काका वापरतात. आता त्यांचा रविवार कसा असतो ते सांगतो. सकाळी चहा झाला की आधी इंजिनचे तेल पाहायचे. मग कार्बोरेटरच्या डोक्यावरची दोन पितळी बोंडे उघडून त्यात थोडेसे पातळ तेल घालायचे. हे कार्बोरेटर एस.यू. नावाचे. त्याची कथा मोठी मजेची आहे. एस.यू. म्हणजे 'स्किनर्स युनियन', आणि हे स्किनर बंधू घरचे जोडे बनवणारे. त्यांच्या पहिल्या कार्बोरेटरमध्ये चामड्याचा भाता होता! घरचा धंदा माणसाला असा कुठेही सोडत नाही. पुढे भात्याच्या जागी धातूचा दट्ट्या आला. पण हवेच्या ओढीने वर उचलला जाणारा तो दट्ट्या आणि त्याला टांगलेली निमुळती सुई, ही कल्पना तीच राहिली.

दोन कार्बोरेटर सारखा श्वास घेतात की नाही, हे काका यंत्राने पाहत नाहीत. हातभर रबरी नळी घेतात, एक टोक कानात, दुसरे कार्बोरेटरच्या तोंडाशी. एकीकडचा फुसफुस आवाज ऐकतात, मग दुसरीकडचा, आणि स्क्रू अर्धा आटा फिरवतात. जन्मभर लोकांच्या छातीला नळी लावलेला माणूस! मलाही त्यांनी ऐकायला लावले. पहिल्या रविवारी मला दोन्ही आवाज सारखेच वाटले. तिसऱ्या रविवारी डावीकडचा किंचित खालच्या सुरात वाटला. "आता तू उपयोगाचा झालास," असे म्हणून त्यांनी माझ्या हातात ग्रीस गन दिली.

ग्रीसचे काम मात्र कंटाळवाणे आणि महत्त्वाचे. पुढची चाके ज्या उभ्या खिळांवर वळतात त्या किंगपिनना प्रत्येक बाजूस तीन ठिकाणी ग्रीस भरायचे असते, तेही गाडी जॅकवर उचलून, खिळांवरचा भार काढून. नाहीतर ग्रीस वरच्यावर ओघळते आणि आत कोरडेच राहते. आळस केला की चाक डुगडुगू लागते, आणि मग दुरुस्तीचा खर्च शंभर रविवारांच्या ग्रीसपेक्षा जड होतो.

तारांची चाके हा आणखी एक थाट. मधोमध दोन कानांचे मोठे नट, ते तांब्याच्या हातोडीने ठोकून बसवायचे. डावीकडच्या आणि उजवीकडच्या नटांचे आटे परस्परविरुद्ध असतात, म्हणजे गाडी पुढे चालताना नट सैल न होता आवळत राहतात. कोणी घाईत एका बाजूचे सामान दुसऱ्या बाजूला बसवले तर काय होईल याची कल्पनाच केलेली बरी.

पण या गाडीचा खरा शत्रू झीज नाही, गंज आहे. तिला वेगळी चेसिस नाही. पत्र्याच्या पेट्या एकमेकींना जोडून तिची बॉडी स्वतःच्याच बळावर उभी आहे. दाराखाली जो लांब पत्रा दिसतो, त्याच्या आत पत्र्यांचे आणखी थर असतात, आणि वर पक्के छत नसल्यामुळे गाडीचा कणा तोच. हिवाळ्यात तिकडे बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. ते मीठपाणी या पोकळीत शिरते आणि आतून पोखरत जाते. बाहेरून रंग चकचकीत आणि आत भुसा! १९९४ मध्ये काकांनी दोन्ही बाजूंचे हे थर बदलून घेतले. त्याआधी दारांच्या चौकटीत लोखंडी टेकू वेल्ड करावे लागले. नाहीतर जुना पत्रा कापताक्षणी गाडी मधोमध वाकते आणि मग दारे जन्मात नीट लागत नाहीत.

सुटे भाग मिळतात का, असे आपण विचाराल. मिळतात म्हणजे किती! १९८८ मध्ये जुन्याच साच्यांवर एम.जी.बी.ची अख्खी नवी बॉडी पुन्हा निघू लागली. एवढेच नव्हे, १९९२ मध्ये तिच्यावर आठ सिलिंडरांचे इंजिन बसवून एक नवी गाडीच काढली गेली, आणि त्यांतल्या बहुतेक जपानला गेल्या.

आता इथे प्रश्न उभा राहतो. बॉडी नवी, इंजिन दोनदा खोललेले, गादी नवी, टप तिसरा. मग १९६६ ची गाडी उरली कुठे? इंग्लंडच्या नोंदणी खात्याने यासाठी पुष्कळ वर्षे एक हिशेब ठेवला होता. फेरफार केलेल्या गाडीला जुना क्रमांक ठेवायचा तर आठ गुण हवेत. मूळ बॉडीला किंवा चेसिसला पाच, सस्पेन्शन, ॲक्सल, गिअरबॉक्स आणि स्टिअरिंग यांना प्रत्येकी दोन, आणि इंजिनाला? फक्त एक! आपण ज्याला गाडीचे हृदय म्हणतो त्याला सगळ्यांत कमी गुण. आपल्याकडे २०२१ मध्ये पन्नास वर्षांवरच्या गाड्यांच्या नोंदणीचे वेगळे नियम झाले, त्यांत मात्र चेसिस, बॉडी आणि इंजिन या तिन्हींत मोठा फेरफार झालेला चालत नाही. म्हणजे एकाच गाडीच्या मूळपणाविषयी दोन देशांची दोन मते. आमच्या क्षेत्रात तरी याहून वेगळे काय आहे? एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती काय म्हणून केली? लोकांनी सोयीसाठी, हौसेसाठी, भक्तीपोटी पाठ बदलले होते म्हणून. आणि तरीही ग्रंथ टिकला तो नकला करणाऱ्यांमुळेच.

काकांचे धोरण या बाबतीत बराच काळ कडक होते. जे बदल नाइलाजाचे, तेवढेच करायचे. पेट्रोलमधले शिसे १९९९ च्या अखेरीस तिकडे बंद झाले. शिशाविना जुन्या व्हॉल्व्हच्या बैठका झिजतात म्हणून त्यांनी कठीण धातूच्या बैठका बसवून घेतल्या. २०२१ मध्ये साध्या पेट्रोलात दहा टक्के इथेनॉल आले. ते जुने रबर खाते म्हणून पेट्रोलच्या नळ्या बदलल्या. (आपल्याकडे तर आता वीस टक्क्यांचे पेट्रोल पंपावर सर्रास मिळते. जुनी गाडी बाळगणाऱ्यांनी नळ्या एकदा हाताने दाबून पाहाव्यात.) सीटच्या मागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या होत्या, त्या जाऊन बारा व्होल्टची एकच आली. १९६६ च्या या गाडीत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असायचे, हल्लीच्या उलट. ते मात्र त्यांनी तसेच ठेवले आहे. त्यामुळे फोन चार्ज करायची सोय गाडीत नाही. "बरंच आहे," काका म्हणतात. काढलेला प्रत्येक जुना भाग तेल लावून, कागदात गुंडाळून, वर मराठीत चिठ्ठी चिकटवून एका पेटीत ठेवलेला. पुन्हा बसवता आला पाहिजे, हा त्यांचा दंडक.

माझी चुलत बहीण या सगळ्याला हसते. ती म्हणाली, "बाबा, इंजिन काढून विजेची मोटर बसवू. धूर नाही, क्लच नाही, तुमचा गुडघाही दुखणार नाही." हे तिकडे आता पुष्कळ जण करतात, आणि तिचे म्हणणे अडाणीपणाचे मुळीच नव्हते. काका एवढेच म्हणाले, "मग रविवारी नळी कुठे लावायची?"

पण एका बदलाला ते नको इतका नकार देत होते. त्या काळच्या गाडीत ब्रेकच्या तेलाचा मार्ग एकच असे. चारही चाकांना एकाच सिलिंडरमधून दाब. कुठेही एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक एकदम गेले. नंतरच्या गाड्यांत दोन स्वतंत्र मार्ग आले. एक गेला तरी दुसरा उरतो. तसा फेरफार करता येतो. काका म्हणायचे, "सत्तावन्न वर्षं चालली ना?" शिवाय त्यांना एक भीती होती. २०१८ पासून तिकडे चाळीस वर्षांवरच्या गाड्यांना सक्तीच्या वार्षिक तपासणीतून सूट आहे, मात्र गाडीत मोठा फेरफार झालेला नसावा. ब्रेक बदलले तर सूट जाईल, असे ते धरून चालले होते. आणि सूट होती म्हणून पाच वर्षांत गाडी कोणा परक्या डोळ्यांखालून गेलीच नव्हती.

जुलैच्या एका सकाळी काका-काकू गाडीतून डर्बीशायरच्या डोंगरात निघाले, मी मागून बहिणीच्या गाडीत. रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना दगडी बांध, आणि एक लांब उतार. काकांच्या गाडीचा वेग कमी होईना. मागचे लाल दिवे लागले, विझले, पुन्हा लागले. पण गाडी चाललीच होती. पेडल जमिनीला टेकले होते. त्यांनी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये घातली. या गाडीच्या पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नाही. चालत्या गाडीत तो पडत नाही. पण क्लच दोनदा दाबून, मध्ये इंजिन फिरवून, त्यांनी तोही पाडला. आवाज आम्हाला मागे ऐकू आला. मग हँडब्रेक. वळणावर गाडी डाव्या कुंपणात घुसली आणि थांबली. काकूंच्या हाताला काटे लागले, एवढ्यावर निभावले.

मागच्या चाकांकडे जाणारी पोलादी नळी एका पट्टीखाली गंजून फुटली होती. दोष कोणाचाच नव्हता, काकांशिवाय. आणि थोडासा माझा. कारण तीन दिवसांपूर्वी मी त्याच नळीवरून विजेरीचा झोत फिरवला होता. पट्टीपाशी तपकिरी पापुद्रे दिसले होते. मला ते चिखलाचे वाटले. हस्तलिखितावर असा डाग दिसता तर मी भिंग घेऊन बसलो असतो. काकांना हे मी त्याच संध्याकाळी सांगितले. ते काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुला काय पाहायचं ते मी सांगितलं नव्हतं. कारण मीही पाहत नव्हतो."

काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "तुमच्या मूळ गाडीत आम्ही दोन मूळ माणसं बसलो होतो, तेवढं ध्यानात ठेवा."

दुसऱ्या दिवशी काकांनी सूटसंबंधीचे नियम नीट वाचले. चाके, ॲक्सल, ब्रेक यांत सुरक्षिततेसाठी केलेली सुधारणा मोठ्या फेरफारात धरतच नाहीत, असे त्यात होते. पाच वर्षे जी भीती बाळगली ती एका परिच्छेदाची होती! मग कामाला लागलो. नंतरच्या एम.जी.बी.चा पेडलांचा सांगाडा आणि दुहेरी सिलिंडर मिळवला. जुन्या पोलादी नळ्या सगळ्या काढल्या, त्यांच्या जागी न गंजणाऱ्या तांबे-निकेलच्या घातल्या. ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषते, म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलायचे, हेही भिंतीवरच्या कॅलेंडरात लिहून टाकले. आणि सक्ती नसताना गाडी तपासणीला नेली. तपासणाऱ्याने खाली जाऊन हातोडीने इथेतिथे ठोकले, मागच्या एका झटका-शोषकातून तेल पाझरते आहे म्हणून दाखवले, आणि पास केले. काकांचा चेहरा परीक्षेत उत्तीर्ण झालेल्या पोरासारखा झाला होता.

त्या दिवसापासून मला मूळ या शब्दाचा अर्थ थोडा वेगळा लागू लागला आहे. ॲबिंग्डनच्या कारागिरांनी ती गाडी प्रदर्शनात ठेवण्यासाठी केली नव्हती. दोन माणसांनी तीत बसावे, डोंगरात जावे आणि संध्याकाळी घरी यावे, यासाठी केली होती. यांतले शेवटचे कलम ज्या बदलाने सांभाळले जाते तो क्षेपक म्हणावा, असे मला वाटत नाही. मात्र मोठी चाके, फुगवलेले मडगार्ड, लोकांनी वळून पाहावे म्हणून केलेला भोंगा, हे सारे हौसेचे पाठभेद. काही गाड्यांवर ते मी पाहिले आणि नाक मुरडले. हा माझा धंद्याचा दोष असेल. पेटी ठेवली आहे का, एवढे मी त्या मालकांना विचारायला हवे होते.

निघण्याच्या आदल्या दिवशी काकांनी जुना ब्रेक सिलिंडर पुसून, तेल लावून, कागदात गुंडाळला आणि चिठ्ठी मला लिहायला सांगितली. त्यांचे अक्षर डॉक्टरी आहे. मी लिहिले: 'ब्रेक. मूळ. १९६६.' त्यांनी ती वाचली आणि खाली स्वतः भर घातली: 'पुन्हा बसवू नये.'

आता ते जॅकवर गाडी चढवतात, पण खाली वाकणे त्यांना जमत नाही. फोनवर म्हणाले, उजवीकडच्या किंगपिनचे खालचे तोंड ग्रीस घेत नाही, बुजले असावे. ते काढून दाभणाने साफ करायला हवे. बहिणीला तिकडे वेळ नाही. मे महिन्यात आमच्या परीक्षांचे पेपर तपासून झाले की मी जाणार आहे. विजेरी नवी घेतली आहे.